उतारावर न्यूट्रल, सिग्नलला स्टार्टर: मायलेजबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आंबा घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली तर पेट्रोल वाचतं ना?

नाही, उलट जळतं. ही समजूत कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. इंजेक्शनच्या, म्हणजे आजच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. तेवढा वेळ पेट्रोलचा खर्च शून्य. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) साधारण १,२०० ते १,५०० च्या खाली घसरले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहावं म्हणून पेट्रोल सतत जातच राहतं. शिवाय गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापले की पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. जो गिअर चढायला, तोच उतरायला. उतार सौम्य असेल आणि गाडी फारच रोखली जात असेल, तर एक गिअर वर टाका. इंजिन बंद करून उतरणं तर सोडूनच द्या. ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्हींची मदत जाते, किल्ली फिरली तर स्टिअरिंग लॉकही होतं.

प्रश्न: सिग्नलला इंजिन बंद करावं का?

अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर जरूर. मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत नको. बॅटरी म्हातारी झाली असेल तर आधी ती तपासून घ्या. टर्बो इंजिन हायवेवर दामटून आणलं असेल तर बंद करण्याआधी मिनिटभर तसंच चालू ठेवा.

प्रश्न: लवकर वरचा गिअर टाकतो, तरी मायलेज पडलेलंच. का?

बहुधा फारच लवकर टाकत असाल. स्पीडब्रेकरनंतर ताशी २५ च्या वेगात चौथा गिअर ठेवून पाय दाबला की इंजिन धडधडतं, गाडी मात्र उचलत नाही. मग पाय आणखी दाबला जातो. पेट्रोल गाडीत साधारण २,००० ते २,५०० आरपीएमला, डिझेलमध्ये १,५०० ते २,००० ला गिअर बदला. क्लचवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर ती आधी मोडा, प्लेट घासून संपते. आणि पुढचा सिग्नल लाल दिसत असताना रेस देऊन तिथवर जाऊ नका. पेट्रोल जाळून जो वेग मिळवला, तोच ब्रेक उष्णता करून उडवतो. शहरात खरी गळती इथेच असते.

प्रश्न: हायवेला ८० की १००?

८०. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० ला तो ८० च्या दीडपटीहून जास्त होतो. टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा. एसीचं म्हणाल तर या वेगाला काचा बंद करून एसीच बरा.

प्रश्न: डिस्प्ले मायलेज १९ दाखवतो. खरं मानू?

तो अंदाज असतो. पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा. ४०० किलोमीटर झाल्यावर शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तसंच भरा. नोझल थांबल्यावर ‘राउंड फिगर’साठी वर ओतू देऊ नका. ४१२ किलोमीटरला २६.३ लिटर लागलं तर मायलेज १५.७. असं सलग तीनदा मोजा. त्याआधी टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या.