"दूध तर पितीय की, मग बाकीचं नाही खाल्लं तर काय झालं?"

"मॅडम, काहीच खात नाही ओ. कुठलं तरी टॉनिक लिहून द्या." एक ते तीन वर्षांच्या लेकरांच्या आया माझ्यासमोर बसल्या की बहुतेक वेळा सुरुवात हीच असते. मी सोलापुरात एका लहान मुलांच्या डॉक्टरांकडे आठवड्यातून दोन दिवस आहार समुपदेशनाला बसते. टॉनिक मी देत नाही, तो माझा विषयच नाही, पण "काहीच खात नाही" म्हणजे नेमकं काय हे विचारत बसायचं काम माझं. आणि ते काम मी स्वतः एकदा कसं चुकवलं तेच आज सांगते.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. अक्कलकोट रोडच्या बाजूला राहणारी एक ताई आली, घरीच मशीनवर शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते, कडेवर २० महिन्यांची मुलगी. खरं नाव नको, आपण चिऊ म्हणू. चिऊ दिसायला गुबगुबीत, वजन ठीकच, पण ओठ नि डोळ्याच्या आतली कड फिकट, सारखी किरकिर, आणि डॉक्टरांनी तपासलं तर हिमोग्लोबिन ९.१. या वयाला ते साधारण ११ च्या वर असावं अशी अपेक्षा असते. डॉक्टरांनी लोहाचे थेंब लिहिले नि माझ्याकडे पाठवलं.

त्या दिवशी गर्दी होती. मी काय केलं, तर माझ्याकडचा छापील चार्ट काढून दिला. सकाळी नाचणीसत्त्व, अकराला फळ, दुपारी पालकसूप, चारला सुका मेवा, असा सगळा छान चौकटीतला. ताईने घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि गेली. तीन आठवड्यांनी परत आली तेव्हा तीच घडी, त्याच पर्समधून, तशीच कोरी करकरीत बाहेर आली. "आमच्यात नाचणी कोण आणतंय मॅडम, आमच्यात ज्वारीच असतीय." मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी जिथं खाल्ली जाते त्या जिल्ह्यात बसून मी नाचणीसत्त्व सांगत होते!

मग चार्ट बाजूला ठेवला आणि म्हटलं, ताई, काल सकाळी चिऊ उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते फक्त सांगा, चांगलं-वाईट काही नाही. तर उठल्या उठल्या बाटली. नऊला आजीच्या चहात बुडवून दोन-तीन बिस्किटं. अकराला बाटली, कारण तेव्हा ऑर्डरची घाई असते आणि बाटली दिली की पोरगी गप पडून राहते. दुपारी वरणभाताचे दोन घास, तिसऱ्याला तोंड फिरवलं, "मग उपाशी कशी ठेवू" म्हणून बाटली. चारला परत चहा-बिस्कीट. सहाला बाटली. रात्री झोपताना बाटली, ती तर तोंडातच ठेवून झोपते. बाटली केवढी? हाताने दाखवली, साधारण २०० मिली. म्हणजे पाच बाटल्या, एक लिटर म्हशीचं दूध. २० महिन्यांच्या लेकराचं पोट ते केवढं, त्यात लिटरभर दूध गेल्यावर भाकरीला जागा कुठून राहणार? काहीच खात नाही असं नव्हतंच, पोट भरलेलं होतं.

आणि मग सहज, उठता उठता ताई म्हणाली, "अजून एक खोड लागलीय, त्या न्हाणीजवळच्या भिंतीचा पोपडा चाटत बसतीय. मारलं तरी ऐकत नाही." मी म्हटलं बसा परत. भिंत, माती, खडू, राख असलं खायची ओढ लागणं हे लोह कमी पडल्याचं लक्षण असू शकतं, आपण त्याला वाईट सवय समजून लेकराला फटके देतो. चिऊचं रक्त आधीच तपासलेलं होतं म्हणून कोडं पडलं नाही, पण पहिल्याच दिवशी मी नीट ऐकलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं. बरं, थेंब चालू आहेत का विचारलं, तर तेही चौथ्या दिवशी बंद! कारण शी काळी व्हायला लागली आणि शेजारच्या काकूंनी घाबरवलं. लोहाच्या औषधाने शी काळपट होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीपण नाही.

आता दुधाचं गणित सांगते, कारण इथेच घराघरात भांडणं होतात. दूध वाईट नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि १०० मिली दुधातून साधारण १२० मिळतं, म्हणजे दोन कप, ४०० मिलीच्या आसपास दूध गेलं की कॅल्शियमचं काम जवळजवळ झालं. त्यापुढच्या दुधाने पोट भरतं, पण लोह नावापुरतंच मिळतं, वर दुधातलं कॅल्शियम जेवणातलं लोह शोषू देत नाही. लोह लागतं दिवसाला ८ मिलिग्रॅम. चहाचं तर विचारूच नका, चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात, अंगाला लागू देत नाहीत.

ताईला पटलं, पण घरात आजी होत्या. पुढच्या वेळी मी मुद्दाम त्यांना घेऊन यायला सांगितलं. आल्या, पदर सावरून बसल्या आणि पहिलंच वाक्य, "आमच्या टायमाला पोरं दुधावरच वाढली, कुणाला काय झालं न्हाई." मी वाद घातला नाही. विचारलं, आज्जी, तुमच्या टायमाला लेकरांना दुधाशिवाय काय काय द्यायचा? आणि मग जी सुरू झाली ती यादी मला चार्टमध्ये लिहिता आली नसती. ज्वारीची आंबील, वरणात कुस्करलेली भाकरी, मटकीचं कढण, शेवग्याच्या पाल्याची भाजी, तीळकूट, लोखंडी कढईतलं पिठलं. मी म्हटलं, हेच औषध आहे, हेच चिऊला पाहिजे, आणि हे सुनेला मशीनवरून उठून जमणार नाही, हे तुम्हीच करायचं. बास, आजींचा चेहराच बदलला.

मग तिघींनी मिळून ठरवलं ते असं. दूध दोन वेळा, बाटलीतून नाही, स्टीलच्या पेल्यातून, आणि जेवणाच्या दोन तास इकडेतिकडे. चहा बंद. जेवताना चिऊ आजीच्या ताटाशी. अर्धी भाकरी, म्हणजे साधारण ३० ग्रॅम पीठ धरलं तर त्यातून सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास लोह येतं, ऐकायला थोडं वाटतं पण दोन वेळची भाकरी, डाळ, मटकी, पालेभाजी असं जमत जातं. भाकरी गरम असतानाच वरणात कुस्करायची, वरून चमचाभर शेंगदाण्याचं कूट, अर्धा चमचा तूप आणि शेवटी लिंबू. हे लिंबू मी सगळ्यांना सांगते, कारण धान्या-डाळीतलं लोह तसं सहजासहजी शोषलं जात नाही आणि क जीवनसत्त्व सोबत असलं की ते बरंच जास्त अंगी लागतं. लिंबू नसेल तर जेवणानंतर पेरूची मऊ फोड, बिया काढून. मटकीला मोड का आणायचे, आंबील का आंबवायची, तर त्याने धान्यातले लोह-जस्त अडवून धरणारे घटक कमी होतात. आपल्या आज्यांना हे कारण माहीत नव्हतं पण कृती माहीत होती!

शेंगाचटणी सोलापूरची कितीही आवडती असली तरी लेकराला तिखटाशिवाय नुसतं बारीक कूटच, आणि अख्खा शेंगदाणा तर या वयाला अजिबात नको, घशात, श्वासनळीत अडकतो. लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला थालीपिठात घालायचा. यातून अ जीवनसत्त्व मिळतं, आणि ते तेला-तुपाबरोबरच नीट शोषलं जातं, म्हणून लेकराच्या ताटात तुपाची काटकसर करू नका. अंडं त्यांच्याकडे चालायचं, आठवड्यातून तीन-चार वेळा उकडून कुस्करून. आणि रविवारचं मटण. इथं मला हसू आलं, रस्सा पोरीला आणि फोडी बापाला, बहुतेक घरात हेच चालतं, रश्श्यात ताकद असते म्हणून. लोह फोडीत असतं ताई, रश्श्यात नाही. दोन चमचे मऊ शिजलेला खिमा किंवा कलेजीचा छोटा तुकडा कुस्करून दिला तर त्यातलं लोह धान्यापेक्षा कितीतरी चांगलं शोषलं जातं.

डाळिंबाचं विचारलंच त्यांनी, सगळेच विचारतात. सांगोल्याकडची डाळिंबं आपल्याकडे भरपूर, आणि लाल दिसतं म्हणून रक्त वाढतं असा समज. डाळिंबात लोह फारसं नसतं. बीटाचंही तेच. दाणे कुस्करून खुशाल खायला द्या, चवीला छान, पण त्यावर भिस्त ठेवून थेंब बंद करू नका. ९.१ हिमोग्लोबिन नुसत्या जेवणाने भरून येत नाही, औषध लागतंच, जेवण आहे ते परत खाली जाऊ नये म्हणून. थेंब दुधासोबत नाही, मोसंबीच्या रसासोबत, जिभेच्या मागे, नंतर दात पुसायचे म्हणजे काळे डाग पडत नाहीत. अंगणवाडीतून आठवड्यातून दोनदा १ मिलीचं लोहाचं सिरप मिळतं ते प्रतिबंधासाठी, उपचाराचे थेंब चालू असताना तेही द्यायचं का हे डॉक्टरांना विचारूनच. अ जीवनसत्त्वाचा डोस ९ महिन्यांनंतर दर सहा महिन्यांनी असतो, चिऊचा एक राहिला होता, तो आशाताईंकडून घेतला. १० फेब्रुवारीला जंताची गोळी देतात, दोन वर्षांच्या आत अर्धी, तीही लक्षात ठेवायला सांगितली.

पहिले चार दिवस वाईट गेले. ताईचा फोन, मागे चिऊचं रडणं, "मॅडम, दोन दिवस झाले चार घाससुद्धा नाही, देऊ का बाटली?" म्हटलं, पाणी पितीय ना, खेळतीय ना, शू नीट होतीय ना, मग अजून दोन दिवस थांबा. पहिल्या वर्षी बाळाचं वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात वाढ होते जेमतेम दोन-अडीच किलो, त्यामुळे भूक तशीही कमी होते आणि आपल्याला वाटतं पोर वाळली. मागे लागून भरवायचं नाही, मोबाईल लावून तर नाहीच. नवी चव दहा-बारा वेळा समोर आल्याशिवाय काही लेकरं घेत नाहीत.

पाचव्या दिवशी आजी जेवत असताना चिऊने त्यांच्या ताटातली भाकरी ओढली आणि कूट बोटाने चाटून खाल्लं. आजींनी स्वतः फोन लावून सांगितलं. भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा पाव तुकडा लोण्याबरोबर संपवला म्हणे, आणि गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, पाळण्यात बसायला रडली, किरकिर म्हणून नाही, हट्ट म्हणून! जानेवारीच्या शेवटी हिमोग्लोबिन १०.४, मार्चमध्ये ११.२. भिंत चाटणं तर त्याआधीच सुटलं होतं. थेंब डॉक्टरांनी तरीही अजून चालू ठेवलेत, कारण आकडा बरा आला तरी अंगातला साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात, आणि इथेच बरेच जण सोडून देतात.

मार्चमध्ये रिपोर्ट दाखवायला आली तेव्हा ताई दारात रेंगाळली. "मॅडम, मला पण मशीनवरून उठलं की गरगरतंय. आणि खरं सांगू का, मी पण कच्चे तांदूळ खाते." तिचं रक्त तपासलं, ८.९ आलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. परवा तिचा मेसेज आला, गोळी जेवणानंतरच्या चहासोबत घेतली तर चालेल का. लिहिलं, नाही, चहा गोळीच्या आधी-नंतर दोन-दोन तास लांब. उत्तरात फक्त रडका चेहरा आला.