कासव परत आलं नव्हतं

ताई,
माझी मुलगी 8 वर्षांची आहे. मागच्या वर्षापर्यंत सतत काहीतरी लिहीत बसायची. आता वही समोर ठेवली तरी "सुचत नाही" म्हणते. मी छान वह्या आणल्या, रोज एक विषय देतो, पान भरलं की स्टिकर, दहा स्टिकर झाले की बक्षीस. लेखनाच्या ऑनलाइन क्लासलाही घातलं. काही उपयोग नाही. तिच्यात गुण आहे हे नक्की. तिची शेवटची गोष्ट एका कासवाची होती. कासव नदीत निघून जातं, मुलगा रोज काठावर वाट बघतो आणि शेवटी मोठा होऊन कासवाचं नाव विसरतो. हे फारच उदास वाटलं, म्हणून घरच्या ग्रुपवर टाकताना मी शेवट थोडा बदलला आणि कासव परत आणलं. सगळ्यांना इतकी आवडली की तिच्या आत्याने मुद्दाम फोन करून "शेवट किती गोड केलास गं" असं कौतुक केलं. एवढं प्रोत्साहन मिळूनही ती लिहीत नाही. तिला लिहिण्याची गोडी पुन्हा कशी लावू?
— एक बाबा

प्रिय बाबा,

वह्या, विषय, स्टिकर, क्लास, सगळं मी वाचलं. पण माझी नजर अडकली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या तीन शब्दांवर. शेवट थोडा बदलला.

थोडा? "मोठा होऊन तो कासवाचं नाव विसरला," हे तुमच्या 8 वर्षांच्या मुलीने लिहिलं होतं. कासव गेलं, मुलगा रडला, एवढ्यावर ती थांबली असती तरी गोष्ट पुरी झाली असती. ती थांबली नाही. त्या मुलाला तिने मोठं केलं, पुढे काय उरेल याचा विचार केला आणि तिला दिसलं की कासव आठवेल पण नाव आठवणार नाही. वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या माणसांनाही असं वाक्य सहज हाती लागत नाही. तिला ते लागलं होतं, आणि तुम्ही ते खोडलंत, कारण ग्रुपवर ते उदास दिसलं असतं.

आता तो फोन. आत्या पलीकडून मनापासून बोलतेय, फोन मुलीच्या कानाला आहे आणि कौतुक चाललंय नेमकं त्याच ओळीचं, जी तिने लिहिलेलीच नाही. तिने काय म्हणायचं? "तो शेवट माझा नाही" म्हटलं तर बाबा खोटे पडतात. "थँक्यू" म्हटलं तर ती स्वतः. मला खात्री आहे ती "थँक्यू"च म्हणाली असेल. तुम्ही शेजारी उभे राहून हसत असाल. तुमचा हेतू वाईट नव्हता हे मला कळतं, पण तिच्या बाजूने पाहिलं तर त्याने काही फरक पडत नाही. तिच्या गोष्टीपेक्षा तुमची गोष्ट लोकांना जास्त आवडते, आणि ही तुलना तिला न विचारता, तिच्याच नावावर केली जाते, एवढं तिला त्या दिवशी समजलं. त्यानंतर तिला सुचत नाही. तुम्हाला त्याचं आश्चर्य वाटतं, मला वाटत नाही.

लहान मुलाच्या आयुष्यात त्याच्या मताने फार थोडं घडतं. उठायचं कधी, जायचं कुठे, कुणाकडे राहायचं, सगळं मोठे ठरवतात. गोष्टीत मात्र कोण जाणार, कोण परत येणार, कोण कुणाला विसरणार, हे पहिल्यांदा त्याच्या हातात येतं. लिहिण्याची गोडी म्हणतात ती बरीचशी इथून येते. विषय चांगला दिला म्हणून किंवा वही गुळगुळीत कागदाची आहे म्हणून ती येत नाही.

इंग्लंडमधल्या ब्राँटे भावंडांचं सांगते, कारण ते तुमच्याच प्रश्नाचं आहे. तीन बहिणी आणि एक भाऊ; बहिणी पुढे नावाजलेल्या कादंबरीकार झाल्या. 1826 मध्ये वडिलांनी मुलासाठी 12 लाकडी शिपाई आणले. शार्लट तेव्हा 10 वर्षांची होती, सगळ्यात धाकटी अ‍ॅन 6 वर्षांची. चौघांनी शिपायांना नावं दिली, त्यांच्यासाठी एक अख्खा देश उभा केला आणि पुढे त्यांना वाचायला म्हणून तळहातावर मावतील एवढी मासिकं लिहिली. अक्षर इतकं बारीक की मोठ्या माणसाला भिंगाशिवाय वाचणं अवघड. या मुलांची आई 1821 मध्येच गेली होती आणि शिपाई घरात आले त्याच्या आदल्याच वर्षी दोन मोठ्या बहिणी गेल्या होत्या. त्यांच्या गोष्टींत शिपाई मरतात, आणि ही चौघं स्वतःला जादूगार जिन बनवून त्यांना पुन्हा उठवतात. इथे मेलेले परत येतात हे खरं, पण कोणाला उठवायचं आणि केव्हा, हे त्या मुलांनी ठरवलं. कुणा काकांनी मधे येऊन शिपाई जिवंत केले नाहीत. तुमच्या मुलीलाही कासव परत आणता आलं असतं. तेवढं तिला नक्की सुचलं असणार. तिने ते आणलं नाही.

आणि कृपा करून आता त्या कासवाचा अर्थ शोधत बसू नका. ती कुणाला विसरतेय, आतून दुःखी आहे का, शाळेत काही झालंय का, असल्या चौकश्या नकोत. एरवी ती हसती-खेळती असेल, खात-पीत असेल, तर उदास गोष्ट म्हणजे उदास मूल असं समजायचं कारण नाही. मुलांना भुताच्या गोष्टी आवडतात तशाच हरवण्याच्याही आवडतात. गोष्टीत ती हे सगळं करून बघतात.

स्टिकरांबद्दल फार बोलत नाही. बंद करा. 1973 मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवाडीतल्या, रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना त्यांनी आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात तीच पेनं पुन्हा समोर ठेवली, तर ही मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना प्रमाणपत्र आधी न सांगता अचानक दिलं होतं, त्यांची आवड मात्र टिकली. तुमची मुलगी फुकट लिहीत होती, आनंदाने. तिला मोबदला लावायची गरज नव्हती. क्लासचं तिलाच विचारा आणि नको म्हणाली तर थांबवा.

पण हे सगळं नंतर. आधी एकच काम करायचं आहे आणि ते आजच करायचं आहे.

तिच्याजवळ बसा आणि सरळ सांगा, "तुझ्या गोष्टीचा शेवट मी तुला न विचारता बदलला. ते माझं चुकलं. तुझाच शेवट चांगला होता." पुढे "पण" आणू नका. मी तुझ्या भल्यासाठी केलं, सगळ्यांना आवडली ना शेवटी, यातलं एक अक्षर बोलायचं नाही. मग विचारा, तिची खरी गोष्ट त्याच ग्रुपवर टाकलेली चालेल का. हो म्हणाली तर तिच्या वहीतल्या पानाचा फोटो टाका, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, खाडाखोड, सगळ्यासकट. नको म्हणाली तर गोष्ट टाकू नका, पण कासव परत आणण्याचा उद्योग तुमचा होता एवढं तिच्या देखत लिहा. आत्याला वेगळा फोन करा. तिने कौतुक केलेला शेवट मुलीचा नाही, तुमचा होता, हे आत्याला कळायला हवं. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या, तुमची मुलगी त्या फोनवर याहून जास्त अवघडली होती.

ती लगेच वही उघडेल असं मी सांगत नाही. आठवडे जातील, कदाचित महिने. मधल्या काळात "आज काही लिहिलंस का?" हा प्रश्न घरात बंद. वही कपाटात न ठेवता तिच्या हाताला लागेल अशी असू द्या आणि ती नसताना उघडू नका. ती स्वतःहून काही दाखवायला आली तर हातातला फोन खाली ठेवा, पूर्ण वाचा आणि जे कळलं नाही तेवढंच विचारा. नदी कुठली होती? मुलगा रोज काठावर कधी जायचा? सुचवायचं काही नाही. शुद्धलेखनही त्या दिवशी नाही, ते शाळेच्या वहीत होऊ शकतं.

आणि त्या कासवाचं नाव काय होतं, हे तुम्ही मला लिहिलेलं नाही. तुम्हाला माहीत नसेल तर तिला विचारा. ती सांगणार नाही म्हणाली, तर पुन्हा विचारू नका.