आठवी जादू नको, चौथं प्रकरण लिही

प्रश्न : सर, मी साताऱ्याची. बारावी सायन्स झाले, बी.फार्मला प्रवेश मिळतोय आणि विषय मला नावडता नाही. पण दोन वर्षांपासून एक फँटसी कादंबरी लिहितेय. तिच्या जगाचे तीन नकाशे, जादूचे सात प्रकार, दोनशे पानांच्या नोंदी तयार आहेत. नायिका जग वाचवणार, असं तिच्या जन्माआधीच भाकीत झालंय. पण चौथ्या प्रकरणात ती अडली आहे, हलतच नाही. वर्षभर गॅप घेऊन कादंबरी पूर्ण करू का? आई म्हणते, हे खूळ आहे.

उत्तर : खूळ नाही. पण गॅपही नको.

वेळ मिळत नाही म्हणून तू अडलेली नाहीस. बारावी सांभाळून दोनशे पानं लिहिलीस की! घरी बसलीस तर जादूचा आठवा प्रकार तयार होईल, आणि ती पोरगी चौथ्या प्रकरणाच्या उंबऱ्यावर तशीच उभी राहील.

अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांनीही 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (१९६८) ही फँटसी कादंबरी लिहिताना बेटांचा नकाशा आधी काढला होता. पण त्यांना खरा छळणारा प्रश्न वेगळा होता : पांढऱ्या दाढीचे हे जादूगार लहानपणी कसे असतील, विद्या कुठे शिकले असतील? त्यातून गेड आला. शेळ्या राखणारा, हुशार आणि भलताच गर्विष्ठ पोरगा. सोबतच्या विद्यार्थ्याने डिवचलं म्हणून शेखी मिरवायला तो मृताचा आत्मा बोलावतो आणि त्या फटीतून एक सावली सुटते. पुढची सगळी कथा म्हणजे त्या चुकीची फेड. तुझ्या नायिकेच्या हातून काय चुकलंय? भाकीत झालेल्या माणसाला स्वतःहून काही करावंच लागत नाही, गोम तिथे आहे. ते भाकीत खोडून बघ. तिला काहीतरी हवं असू दे, अगदी क्षुल्लक, आणि त्यापायी ती खोटं बोलू दे.

आता पोटापाण्याचं. पुस्तक ३०० रुपयांचं, मानधन १० टक्के, हजार प्रती खपल्या तर हातात ३० हजार. तेही दोन-तीन वर्षांच्या मेहनतीचे. फँटसी लेखक टेरी प्रॅचेट १९८७ पर्यंत ब्रिटनच्या वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी होते. त्यांच्या गाजलेल्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेचं पहिलं पुस्तक १९८३चं, म्हणजे नोकरीत असतानाच. दुसरे फँटसी लेखक फिलिप पुलमन ऑक्सफर्डला शाळेत शिकवत. ख्रिस्तोफर पाओलिनी या अमेरिकन मुलाने पंधराव्या वर्षी 'एरागॉन' ही फँटसी कादंबरी लिहायला घेतली, हे उदाहरण तू आईपुढे ठेवशीलच. पण त्याचं शालेय शिक्षण तेव्हा पूर्ण झालं होतं, आणि पुस्तक आधी आईवडिलांनीच प्रकाशित केलं. आपल्याकडे घरची प्रकाशनसंस्था नाही.

फार्मसी घे. औषधी वनस्पती, विषं, मात्रा, सगळं शिकशील. एकच मुळी कमी दिली तर गुण, जास्त दिली तर घात. तुझ्या सातही जादूंना ही मात्रेची अट लावून बघ, निम्मे पेच तिथेच निर्माण होतील. रोज पहाटेचा पाऊण तास कादंबरीला दे. परीक्षेच्या महिन्यात तोही नको.

आणि आईला नकाशे दाखवू नकोस. चौथं प्रकरण नव्याने लिहून झालं की वाचून दाखव. ती मध्येच उठून गॅस बंद करायला गेली, तर कुठल्या ओळीवर उठली ते लिहून ठेव.