चिलापीच्या टाकीवर निळा लाईट लावायच्या आधी हे वाच

भावा, निळ्या लाईटखाली माशाचा ताण कमी होतो असं तू ऐकलंस ते खोटं नाही. 2001 मध्ये ब्राझीलच्या वोल्पाटो आणि बारेतो यांनी नाईल टिलापियाचा म्हणजे आपल्या चिलापीचाच अभ्यास छापला, मासा अडचणीच्या जागेत कोंडला की अंगात कॉर्टिसोल वाढतं, ताणाचा हार्मोन तो, पांढऱ्या आणि हिरव्या उजेडात ते वाढलं पण निळ्यात नाही वाढलं. भारीच गोष्ट आहे ही. पण लगेच लक्ष्मीपुरीच्या बाजारात जाऊन अख्ख्या शेडचे बल्ब बदलू नकोस, कारण तुझं बायोफ्लॉक आहे, म्हणजे टाकीतच जिवाणूंचे गोळे वाढवून मासे पाळायची पद्धत, तपकिरी गढूळ पाणी, आणि असलं पाणी निळा उजेड वरच्या वरच पिऊन टाकतं, खाली माशापर्यंत पोचणार किती? आणि चिलापीचं गणित रोहू-कटल्याला तसंच्या तसं लावू नये, प्रत्येक जातीचं वेगळं असतंय.

त्यापेक्षा आधी रात्री लाईट जाऊन आल्यावर टाकीजवळ उभा राहून बघ. माशाला पापणी नसते रे, अंधारातून एकदम ट्यूब पेटली की सगळे सैरभैर पळतात, भिंतीला धडकतात, तोंडं खरचटतात. म्हणून एक बारीक दिवा इन्व्हर्टरवर कायम ठेव, मोठे नंतर हळूहळू लाव. ऑक्सिजन आणि अमोनिया बिघडलेला असेल तर कुठलाच रंग उपयोगाचा नाही, ते पहिलं.

निळा वापरायचाच तर ग्रेडिंग करताना, म्हणजे लहान-मोठे वेगळे काढताना, मासे स्वच्छ पाण्याच्या छोट्या टाकीत कोंडतोस ना, तिथं लाव. शेजारी दुसरी टाकी पांढऱ्या उजेडात ठेव आणि कुठले मासे लवकर खाद्याला येतात ते वहीत लिही.