फुटबॉलच्या पत्रकावर ‘नॉकआउट’ का लिहितात? तो शब्द बॉक्सिंगचा ना?

बॉक्सिंगचाच. खाली पडलेला बॉक्सर रेफ्रीने 10 आकडे मोजेपर्यंत उठला नाही, की नॉकआउट. हा 10 सेकंदांचा हिशेब 1867च्या क्वीन्सबरी नियमांतला. बॉक्सर उभा आहे, पण लढण्याच्या स्थितीत नाही म्हणून रेफ्रीने लढत थांबवली, तर तो टेक्निकल नॉकआउट.

आपल्या गोव्यातल्या गावागावांतल्या फुटबॉल स्पर्धांत अर्थ एवढाच: हरला तो घरी. पेपरवाले ‘बाद फेरी’ लिहितात खरे, पण डिचोलीच्या मैदानावर तसं म्हणताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही!

इलेक्ट्रिशियन मात्र वायर आत घ्यायला लोखंडी बॉक्सची जी गोल चकती ठोकून पाडतो, तिला नॉकआउट म्हणतो. एखादं जनुक निकामी केलेला ‘नॉकआउट उंदीर’ही असतो, 2007चं वैद्यकातलं नोबेल त्यामागच्या शोधांनाच मिळालं.