मज्जातंतूतली मज्जा आणि दंडातला न्यूरॉन

एका वाचकाचा प्रश्न: "बाबांना कमरेपासून पायापर्यंत कळ जाते. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतू दबलाय. घरात सगळ्यांनी धसका घेतला, की हा बोन मॅरोचा काहीतरी आजार. मज्जातंतूतली मज्जा आणि हाडातली मज्जा एकच का? की चेतातंतू म्हणणं बरोबर?"

शब्द तोच, वस्तू वेगळी. धसका सोडा. (आणि 'मज्जा आली'तली मज्जा इथे आणू नका. तो फारसीतून आलेला 'मजा', आपण लाडाने 'ज' दुप्पट केलाय.)

रविवारी मटण घ्याल तेव्हा मणक्याचा तुकडा हातात धरून बघा. मधल्या भोकात पांढरी, मऊ दोरी असते. शेजारी नळीच्या पोकळीतही मऊ गर. हाडाच्या पोटात जे मऊ ते मज्जा, असं कुणी ठरवलं तर त्यात काय चुकलं? नळीतली मज्जा रक्तपेशी तयार करते आणि मणक्यातली दोरी निरोप पोचवते, हे बघून कसं कळणार? ग्रीकांनीही दोन्हींना 'मायलॉस' हेच नाव दिलं. म्हणून आजही ऑस्टिओमायलायटिसमध्ये हाड आणि त्यातली मज्जा सुजते, पोलिओमायलायटिसमध्ये मज्जारज्जू, म्हणजे मणक्यातली ती दोरी. तिच्यातून फुटतात ते मज्जातंतू. १८५४ साली फिर्शो ह्या जर्मन डॉक्टरने मज्जातंतूंभोवतीच्या स्निग्ध वेष्टनाला मायलीन म्हटलं, तेही ह्याच शब्दावरून. ते वेष्टन असलं की संदेश टप्प्याटप्प्याने उड्या मारत जातो. पायाला ठेच लागली की आधी झणकन कळ येते आणि मागाहून ठणका, त्याचं कारण हेच: कळ वेष्टनवाल्या तंतूंतून येते, ठणका उघड्या तंतूंतून रेंगाळत.

पाठ्यपुस्तकं 'चेतासंस्था' म्हणतात, मराठी विश्वकोश 'तंत्रिका तंत्र'. तंत्रिका हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी बसलेला मला तरी आढळला नाही. तंत्रिका दबली म्हणून कुणी दवाखान्यात गेलंय का? 'चेता' सुबक आहे, पण ऐकून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. 'मज्जातंतू'त निदान मटणाचा तुकडा तरी दिसतो.

खरा राग मला 'शीर दबली'चा येतो. शिरेत रक्त असतं हो! मणक्यांमधली चकती सरकून दबतं ते मज्जातंतूचं मूळ. पायाच्या अंगठ्याला लागलेलं कळतं ते ज्या पेशीमुळे, ती बसलेली असते कमरेच्या मणक्यापाशी आणि तिचा एकच तंतू तिथून थेट अंगठ्यापर्यंत गेलेला असतो, जवळजवळ मीटरभर. एक पेशी! आणि तिला आपण शीर म्हणतो. पोटरीत गोळा आला की 'शिरेवर शीर चढली', तिथे तर बिचारा स्नायू असतो.

आता स्नायू निघालाच आहे, तर ऐका. सुश्रुतसंहितेत स्नायू नऊशे सांगितलेत आणि पेशी पाचशे. मांसाचे गोळे म्हणजे पेशी, त्यांना नि सांध्यांना बांधणारे ते स्नायू. नावेच्या फळ्या जशा दोऱ्यांनी आवळलेल्या असतात, तसं शरीर स्नायूंनी आवळलेलं, असा तिथला दृष्टांत आहे. म्हणजे स्नायू ही मुळात दोरी. ग्रीकमध्ये ह्याचंच सख्खं भावंड आहे: न्यूरॉन! अर्थही तोच, कंडरा, म्हणजे मांस हाडाला बांधणारी ताणलेली दोरी. पुढे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरासिस्ट्रॅटस ह्या ग्रीक वैद्यांनी प्रेतं फाडून पाहिली, तेव्हा ह्या पांढऱ्या दोऱ्यांतल्या काही मेंदूपाशी जातात हे लक्षात आलं. हळूहळू न्यूरॉन हा शब्द त्यांच्याकडे गेला. १८९१ मध्ये वाल्डेयर ह्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने तो आख्ख्या चेतापेशीला दिला.

म्हणजे एक भाऊ मेंदूत गेला, दुसरा दंडात राहिला. तोही सगळीकडे नाही! बंगालीत स्नायू म्हणजे मज्जातंतूच. शीतयुद्धाला तिकडे 'स्नायुयुद्ध' म्हणतात. आपल्याला वाटेल कोल्हापुरात कुस्त्या लागल्यात. व्यायामशाळेतल्या पोरांनी छाती फुगवून 'स्नायू' म्हणावं आणि तो खरा न्यूरॉनचा भाऊ निघावा, ह्याचा मला फार आनंद होतो.

आणि 'नस'? अमरकोशात स्नायूचा पर्याय 'वस्नसा' दिलाय. 'स्नसा' असंही रूप कोशांत आहे. माझं ठाम मत, आपली नस तिथूनच आली. म्हणजे ती शिरेची बहीण नव्हे, स्नायूची, पर्यायाने न्यूरॉनची. तेव्हा तुमच्या बाबांची 'नस दबली' म्हणा, खुशाल म्हणा. संस्कृत शिकवणारे माझे एक स्नेही ह्यावर हटकून म्हणतात, "स्नानाचं न्हाण झालं, मग स्नसेची न्हस का नाही झाली?" अहो, प्राकृतात स्नेहाचा 'णेह' झाला, तेव्हा 'न्ह'तला 'ह' शोधायला कोण गेलं होतं?