स्लीप वाढवून टेस्ट सुधारत नाही

प्रश्न : ताई, मी महापेला जावावर काम करते. पैसे जमा झाल्याचा इव्हेंट क्यूवर (अशा नोंदींच्या रांगेत) आला की आमची सर्व्हिस ग्राहकाला मेसेज पाठवते. टेस्टमध्ये मी इव्हेंट टाकते, 2 सेकंदांचा थ्रेड स्लीप लावते (टेस्टचा थ्रेड, म्हणजे कोड चालवणारा धागा, तेवढा वेळ थांबवते) आणि मग मेसेज गेला का ते बघते. लॅपटॉपवर कायम पास, बिल्ड सर्व्हरवर (जिथे सगळ्यांचा कोड एकत्र करून टेस्ट चालतात) अधूनमधून फेल. लीड म्हणतात, 5 सेकंद कर. करू का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नका करू. फेल होणं कमी होईल, पण थांबणार नाही. बिल्ड सर्व्हरवर एकाच वेळी दहा कामं चालू असतात, तिथे थ्रेडला कधी वेळ मिळेल याचा भरवसा नसतो. उलट मेसेज क्षणात गेला तरी टेस्ट पूर्ण 5 सेकंद बसून राहणार. अशा शंभर टेस्ट झाल्या की आठ मिनिटांच्या वर वेळ नुसता झोपेत जातो.

ठाण्याला वाशी लोकलची वाट बघताना आपण घड्याळ लावून अर्धा तास बसत नाही. गाडी आली की चढतो, अर्ध्या तासात नाहीच आली तर रिक्षा बघतो. टाइमआउट म्हणजे तो अर्धा तास, शेवटची मर्यादा.

जावात यासाठी काउंटडाउनलॅच आहे, 2004 च्या जावा 5 पासून. ही उलटी मोजणी करणारी कडी : प्रत्येक काउंटडाउनला आकडा एकने कमी होतो, आणि तो शून्य झाला की अवेटवर थांबलेला थ्रेड पुढे जातो. 1 आकडा देऊन तो तयार करा. मेसेज पाठवणाऱ्या क्लासच्या जागी टेस्टपुरता खोटा क्लास द्या. त्यात आलेला मेसेज आधी लिस्टमध्ये ठेवा, मगच काउंटडाउन करा. हा क्रम उलटा करू नका. टेस्ट 5 सेकंदांच्या अवेटवर थांबेल आणि मेसेज आला की लगेच पुढे सरकेल.

आता नीट लक्ष द्या. वेळ संपली तर अवेट एक्सेप्शन फेकत नाही, गुपचूप फॉल्स परत करतो. तो असर्टट्रूमध्ये (उत्तर ट्रू नसेल तर टेस्ट फेल करणारी तपासणी) गुंडाळलाच पाहिजे. कोणाचीही अशी टेस्ट रिव्ह्यूला आली की मी सगळ्यात आधी हीच ओळ शोधते. तसंच, मेसेजचा मजकूर त्या खोट्या क्लासमध्ये तपासू नका. तिथलं असर्ट दुसऱ्या थ्रेडवर फुटतं, ते टेस्ट चालवणाऱ्या जेयुनिटपर्यंत पोचत नाही आणि चुकीच्या मजकुरावरही टेस्ट हिरवी, म्हणजे पास, दिसू शकते. अवेट उघडल्यावर टेस्टच्याच थ्रेडवर लिस्ट तपासा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे अडणार म्हणून सांगते : व्यवहार नाकारला तर मेसेज जाऊच नये, हे कसं तपासायचं? कितीही थांबलात तरी ते सिद्ध होत नाही. आधी नाकारलेल्या व्यवहाराचा इव्हेंट टाका, त्याच्यामागून लगेच चांगला. क्यूवर एकच कन्झ्यूमर (इव्हेंट उचलून हाताळणारा) असेल आणि तो ओळीने काम करत असेल, तर चांगल्याचा मेसेज आला याचा अर्थ आधीचा हाताळून झालाय. लिस्टमध्ये तेवढा एकच मेसेज असला पाहिजे. माझ्या मते या टेस्टला पहिल्या टेस्टइतकंच महत्त्व द्या. पैसे जमा झाले नसताना मेसेज गेला, तर त्रास ग्राहकाला होतो.